धारेआधी सांधा

माझा थोरला भाऊ चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्यभर डाय आणि जिग करत आला. निवृत्त झाल्यावर त्याने कोथरूडच्या फ्लॅटची मागची बाल्कनी बंद करून घेतली, तिथे व्हाइस आणि छोटं ड्रिल मशीन बसवलं, आणि आता तो घडीचे चाकू करतो. माझी लेक शिवाजीनगर कोर्टात फौजदारी वकिली करते. चाकू दोघांच्याही रोजच्या बोलण्यात असतो. दादाच्या बोलण्यात तो व्हाइसमध्ये धरलेला असतो, लेकीच्या बोलण्यात पंचनाम्यात नोंदलेला. या एका वस्तूवरून दोघांचं बरेच दिवस चाललंय. वेगवेगळ्या वेळी झालेलं बोलणं मी इथे सलग लावून मांडते आहे. मला गप्प बसवलं नाही तिथे मीही बोलणार आहे.

आधी वस्तू कशी असते ते सांगते. पातं तीन इंचांहून थोडं आखूड. दोन्ही अंगांना पितळेचे पातळ पत्रे, त्यांच्यावर शिसवीच्या पट्ट्या. पाठीच्या बाजूला पोलादाची एक लांबट कमान, जी पात्याला उघडं धरते आणि मिटलेलंही धरते. खटका नाही, बटण नाही. पितळेचा पत्रा बोहरी आळीतून येतो. शिसवी एका मोडक्या पलंगाच्या पायाची. कानशी काही नव्या, काही जुन्या बाजारातल्या. बुधवारी नाहीतर रविवारी दादा तिकडे गेला की दुपारपर्यंत परतत नाही. पूर्वी इंग्लंडात शेफिल्डचे कारागीर अशा चाकूंच्या मुठींना आपल्याकडचं सांबरशिंग लावत, जगभर त्याला मान होता. आता तो व्यापार कायद्याने बंद आहे, आणि तो बंदच असावा असं आम्हा तिघांनाही वाटतं. एवढ्या एकाच गोष्टीवर आमचं एकमत आहे.

लेक : मामा, व्हिक्टोरिनॉक्सचा चाकू मागवला तर दोन दिवसांत दारात येतो. त्यात कात्री असते, डबा उघडायचं असतं, दात कोरायची काडीसुद्धा असते. तू महिना महिना कानस घासून एक पातं काढतोस. कशासाठी?

दादा : त्या चाकूला मी नावं ठेवणार नाही. फार चोख काम आहे. कार्ल एल्सनरने १८८४ मध्ये आपला कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले. तोवर सैन्य ते जर्मनीतून घेत होतं. आपल्या भागातल्या लोकांना घरी काम मिळावं, पोटासाठी देश सोडावा लागू नये, म्हणून त्याने तो उद्योग उभा केला.

लेक : म्हणजे पोटासाठी. हा मुद्दा लक्षात ठेव, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

दादा : ये. पण आधी हे हातात घे. उघड. आता अर्ध्यावर थांबव. आता मीट. तिन्ही वेळा पाठीवरून नख फिरव. कुठे अडकतंय?

लेक : नाही.

दादा : तेच काम आहे. बाकी सगळं त्याच्यासाठी.

यापुढे दादा जे बोलला ते मी त्याच्याच ओघात देते, कारण ते तोडलं तर काही कळत नाही. पात्याचं जे मूळ मुठीत राहतं त्याला तीन सपाट बाजू असतात. चाकू उघडा असताना कमानीचं टोक एका बाजूवर बसतं, अर्धा उघडला की दुसऱ्या, मिटला की तिसऱ्या. या तिन्ही बाजू पिनच्या भोकाच्या मध्यापासून अगदी सारख्या अंतरावर हव्यात. एक जरा जास्त घासली गेली तर त्या जागी कमान पत्र्याच्या खाली बसते, आणि मग उरलेल्या दोन्ही तेवढ्याच घासून खाली आणाव्या लागतात. भोक आधी थोडं लहान पाडायचं, मग तीन मिलिमीटरच्या रीमरने मापाला आणायचं. ते सरळ उभं नसेल तर पातं मिटताना एका अंगाला कलतं आणि पितळेवर ओरखडा काढतं. कमान पात्याला दाबून धरते ती तिला मुद्दाम दीडएक मिलिमीटरचा बाक दिलेला असतो म्हणून. बाक कमी पडला तर पातं सैल लोंबतं, जास्त झाला तर उघडताना नख मोडतं. शेवटी पिन घालायची आणि तिची दोन्ही टोकं छोट्या गोल हातोडीने हलकेच पसरवायची. एक ठोका कमी पडला तर पातं डुगडुगतं, एक जास्त पडला तर जाम होतं. पात्यावर धार काढायची ती या सगळ्यानंतर.

दादा हे सांगताना डायल गेज लावून दाखवतो. तिन्ही जागी सुई मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपेक्षा जास्त हलत नाही. मला त्या सुईपेक्षा आवाज आवडतो. चाकू मिटतो तेव्हा कमान शेवटच्या बाजूवर येऊन बसते आणि एकच कोरडा, भरीव 'खट्' येतो. सांधा खराब असला तर तो आवाज दोन तुकड्यांत येतो. मी स्वयंपाकघरातूनही ओळखू शकते.

लेक : हे सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण मग 'हातानं केलेला' असं का म्हणतोस? पाणी द्यायला तू पातं भोसरीला पाठवतोस ना?

दादा : पाठवतो. फ्लॅटच्या बाल्कनीत भट्टी पेटवणार नाही. खाली लोकांच्या गाड्या, वर लोकांचे कपडे. मी वापरतो ते ओ.एच.एन.एस. पोलाद, आपल्या सगळ्या टूलरूममध्ये पंच आणि डायला हेच असतं. आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं. आमच्या वेळी लोहचुंबक जवळ धरून बघायचे. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं सोडतं, मग आणखी थोडं तापवायचं. भोसरीचा हीट ट्रीटमेंटवाला मीटरवर करतो. मी चिठ्ठी देतो : पातं अठ्ठावन्न ते साठ रॉकवेल, कमान अठ्ठेचाळीस ते पन्नास. पातं टणक हवं, कमान लवचीक हवी. परत आलं की पात्यावर जुनी कानस फिरवून बघतो. ती काचेवरून फिरावी तशी घसरली तर ठीक.

लेक : मग तू अर्धा चाकू करतोस.

दादा : टूलरूममध्ये अख्खी वस्तू एकट्याने कधीच कुणी केली नाही. टर्नर वेगळा, ग्राइंडर वेगळा, फिटर वेगळा. मी फिटर. जोडणं माझं काम.

लेक : भट्टी लावणारे मात्र आहेत, मामा. सातारा रस्त्याला, सोलापूर रस्त्याला पाल ठोकून राहणारी घिसाड्यांची कुटुंबं. बाई घण घालते, पुरुष सांडशीत लोखंड धरतो, पोर भाता फिरवतं. ट्रकच्या कमानपाट्याचा विळा करतात. गव्हाळ रंग, निळा रंग, डोळ्यांनी बघून पाणी देतात. मीटर नाही, चिठ्ठी नाही. तुझं सगळं शास्त्र त्यांच्या डोळ्यात आहे.

दादा : आहेच. मी नाकारलंय कधी?

इथे नेहमी जरा थांबा येतो आणि मग लेक तिच्या धंद्याकडे वळते. तिचं हे बोलणं मला सगळ्यात जड जातं, कारण ते ऐकीव नसतं.

लेक : माझ्याकडे येणारी पोरं एकोणीस-वीस वर्षांची असतात. कोयता उसाचा, नारळाचा, शेतीचं अवजार म्हणून बाजारात मिळतो, आणि पुण्यात गेल्या काही वर्षांत त्याच्या बातम्या कशा येतात ते तुला माहीत आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात. काठ्या, भाले, तलवारी यांच्याबरोबर त्या कलमात चाकूचंही नाव आहे. तो मोडला तर कलम १३५. अशा शहरात तू चाकू हा छंद म्हणून करतोस आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवतोस. मला ते पटत नाही.

दादा : शस्त्र नियमांत काय लिहिलंय ते तूच मला सांगितलं होतंस. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं, आणि तेही घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी नसलेलं. माझं पातं तीन इंचांचं.

लेक : कायद्यात बसतं म्हणून शहाणपणाचं होत नाही.

दादा : शहाणपणाचंच बोलतो. याला खटका नाही. ओपिनेलने १९५५ मध्ये पात्याच्या मुळाशी फिरणारी कडी बसवली, बकने १९६४ मध्ये पाठीवरचा खटका लोकप्रिय केला, पुढे अमेरिकेत लाइनर लॉकही रूढ झाला. ते सगळे जोराच्या कामाला चांगले. मी मुद्दाम साधी कमान ठेवतो. या चाकूने कुणी खुपसायला गेलं तर पातं त्याच्याच बोटांवर मिटेल. खुपसणं याच्या रचनेतच नाही. सुतळी, आंबा, पेन्सिल, पार्सलची टेप, एवढंच याच्याकडून होतं.

लेक : तुझ्या बाजूचा पुरावा मीच देते. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने घडीचा चाकू खिशात बाळगायची मुभा आहे. अट दोनच : पातं तीन इंचांच्या आत, आणि उघडं असताना ते अडकून बसणारं नसावं.

दादा : म्हणजे माझाच चाकू झाला!

लेक : हो. पण तिथेही चाकूहल्ले थांबलेले नाहीत. ते बहुतेक स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांनी होतात. म्हणून वस्तूच्या रचनेवर मी फार विसंबत नाही. माणूस काय करणार ते कमान ठरवत नाही.

मला वाटतं इथे दोघंही बरोबर आहेत, आणि तरी दादाचा मुद्दा जास्त टिकतो. आपल्या शहराचं सगळं जुनं लिखाण चाकूवरच चाललं. पेशवे दप्तरातले लाखो मोडी कागद बोरूने लिहिले गेले, आणि बोरू तासायला कारकुनाच्या बैठकीत चाकू असायचाच. पुढे शाळेतल्या पोरांच्या दप्तरात पेन्सिलीसाठी तो आला. जपानातही शाळकरी मुलं हिगोनोकामी नावाचा साधा घडीचा चाकू पेन्सिल तासायला बाळगत. १९६० नंतर मुलांच्या हातून चाकू काढून घेण्याची मोहीम तिथे चालली आणि तो करणारी बहुतेक घरं बंद पडली. आपल्याकडे अशी मोहीम झालीच नाही. शार्पनर आला, ब्लेड आलं आणि चाकू आपोआप गेला. आज कॉलेजातल्या पोराने चाकू कुणाच्या हातात बघितला असेल तर तो सिनेमातला रामपुरी, नाहीतर बातमीतला कोयता. पुणेकरांच्या हातातून कामाचा चाकू गेला आणि फक्त भीतीचा उरला, ही माझ्या लेखी खरी हानी आहे. लेकीला हे मान्य नाही. शाळेतल्या चाकूची गोडी जुन्या लोकांनी वाढवून सांगितलेली आहे, असं ती म्हणते.

मग ती म्हटल्याप्रमाणे पोटाच्या मुद्द्याकडे परत येते.

लेक : तुझ्या बाल्कनीत पातं, कानस, व्हाइस दिसलं की लोक म्हणतात, वा, काय छंद आहे! हीच हत्यारं एखाद्या शिकलगाराच्या खोपटात दिसली की पहिला प्रश्न येतो, हे कुणासाठी करतोस? १८७१ च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. काम एकच आहे. तुझ्याकडे ते कला होतं, त्यांच्याकडे पुरावा होतं.

दादा : हे खरं आहे.

लेक : एवढंच?

दादा : आणखी काय म्हणू? माझे उस्ताद लोहाराच्या घरातले होते. त्यांनी मला पहिल्यांदा कानस दिली तेव्हा लोखंडाचा एक चौकोन दिला आणि सांगितलं, सहाही बाजू काटकोनात आण. आय.टी.आय.च्या फिटरला आजही तेच पहिलं काम असतं. ते करता करता मला कळलं की रस्त्याकडेचा माणूस एका विळ्यात किती काम घालतो. ते काम मी स्वतः केलं नसतं तर मला कधीच दिसलं नसतं. केळकर संग्रहालयातले अडकित्ते बघितलेस ना? लोक त्यांच्यावरचे मोर आणि घोडे बघून पुढे जातात. मी सांधा बघतो. इतकी वर्षं वापरून काही अजून डुगडुगत नाहीत. ज्याने ती पिन ठोकली त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, पण त्याचा ठोका मला कळतो. घरच्या वर्कशॉपचा उपयोग हा आहे. बघायला येतं.

लेक : बघायला आलं, पुढे काय? दर दिलास का?

दादा : मी कधी घासाघीस करत नाही.

इथे मला भावाच्या विरुद्ध जावं लागतं. ज्याला काम कळतं तो जास्त देतो, असं नसतं. ज्याला काम कळतं तोच सगळ्यात कमी दराने काम काढून घेतो. ठेकेदार आणि व्यापारी यांना काम उत्तम कळतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशव्यांच्या काळापासून तांब्याचं मठारकाम चालत आलंय. त्या ठोक्यांचं कौतुक शहरात सगळे करतात, तरी आज तिथे मोजकीच घरं हातोडा धरतात. आमच्या गल्लीत सायकलवर दगड बसवून धारवाला येतो. मी विळी, दोन सुऱ्या आणि कात्री घेऊन खाली जाते. तो पायडल मारतो, पातं दगडावर एका तिरप्या रेषेत टेकवतो, ठिणग्या उडतात, मग अंगठ्याचं टोक पात्यावर आडवं ठेवून बघतो आणि नाराज होऊन पुन्हा एकदा फिरवतो. मी पैसे दिल्यावरही त्याने एकदा विळी परत मागून घेतली, कारण टोकाकडची धार त्याला पसंत नव्हती. तो मागतो त्या पैशांत आज कोपऱ्यावरचा चहा आणि वडापाव येतो. मी त्याला जास्त दिले तर तो संकोचतो, आणि बाजूची बाई माझ्याकडे रागाने बघते. म्हणजे माझ्या एकटीच्या औदार्याने तो दर बदलत नाही. दर सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो. लेक जे म्हणते ते हेच आहे, आणि दादाच्या डायल गेजमध्ये त्याचं उत्तर नाही.

पण लेकीलाही मला एक सांगायचं आहे. न्याय मागायला निघालेल्या माणसाला काम ओळखता आलं पाहिजे. कारागिरांवर सभा घेणारे, लेख लिहिणारे पुष्कळ मी बघितले. त्यांच्यासमोर दोन विळे ठेवले तर पाणी दिलेला कोणता आणि नुसत्या लोखंडाचा कोणता हे त्यांना सांगता येत नाही. मग त्यांची कळकळ एखाद्या चांगल्या छापलेल्या लेबलवर जाऊन थांबते आणि खरा कारागीर बाहेरच राहतो.

यंदा पावसाळ्यात या वादाला वेगळं वळण लागलं. सोसायटीतल्या काही मुलांनी दादाकडे शिकायचा हट्ट धरला.

लेक : अजिबात नाही. चौदा वर्षांच्या पोरांच्या हातात चाकू? कुणाचं बोट कापलं तर पालक माझ्याच दारात येतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

दादा : चाकू नाही देणार. एम. एस.ची, म्हणजे मऊ पोलादाची, साधी पट्टी देणार. तिचं पातं करायचं, पाणी द्यायचं नाही, धार काढायची नाही, टोकसुद्धा गोल. कमान मात्र खऱ्या पोलादाची. तीन जागी पाठ सपाट आली आणि 'खट्' एकच आला की पास.

लेक : धार नसलेला चाकू शिकवणार?

दादा : सांधा शिकवणार. तो आला की पोरगं पुढे बिजागरी करेल, पकड करेल, हवं तर अडकित्ता करेल. आणि ज्याने महिना घालवून तो सांधा जुळवला, ते पोरगं कुणाच्या अंगावर चाकू घेऊन जाईल असं मला वाटत नाही.

लेक : हे तुला वाटतं. मला कोर्टात 'वाटतं' चालत नाही. पण बिनधारेचं असेल तर माझी हरकत नाही. ड्रिल मशीन तू चालवायचं. डोळ्यांना चष्मा, पालकांची सही. आणि पुढे कधी धारेपर्यंत आलात तर ती तू शिकवायची नाहीस.

दादा : का?

लेक : कारण ती गल्लीतल्या धारवाल्याला तुझ्यापेक्षा चांगली येते. तू स्वतः म्हणतोस. त्याला बोलवायचं. कंपनीत बाहेरून शिकवायला येणाऱ्याला जसे तासाचे पैसे देतात तसे द्यायचे, आणि पोरांनी त्याला सर म्हणायचं.

दादा : सोसायटी एवढे देईल?

लेक : नाही दिले तर धारेचा वर्ग नाही.

दादा : मग सभेत तूच बोल. मला पैसे मागणं जमत नाही.

लेक : बोलते. पण त्याआधी त्याला विचारायला हवं. आपण त्याच्या वतीने सगळं ठरवून बसलोय, त्याला यायचं आहे का हे कुणी विचारलंय?

कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी तो गल्लीत आला तेव्हा दादा स्वतः खाली गेला, घरच्या सुऱ्या घेऊन नाही, तर आपला चाकू घेऊन. धारवाल्याने तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला, कानाजवळ नेऊन मिटला. मग म्हणाला, सांधा चांगला आहे, धार बरी आहे. शिकवण्याबद्दल विचार करून सांगतो म्हणाला. रविवारी त्याला मंडईकडच्या हॉटेलांची गिऱ्हाइकं असतात, ती सोडून यायचं तर परवडायला हवं. सोसायटीची सभा गणपतीनंतर आहे. तासाला किती मागायचे यावर दोघांचं अजून जुळलेलं नाही. लेकीचा आकडा दादाच्या दुप्पट आहे, आणि धारवाल्याने अजून स्वतःचा सांगितलेला नाही.